सौंसरच्या माश्यांचं वेटोळं

१२ नोव्हेंबर १९८४, पांढुर्णा
आज विज्ञानाची अपरिमित हानी झाली. फळमाश्यांसाठी सडवत ठेवलेल्या केळ्यांचं सौ.ने शिकरण केलं. म्हणे, "सडून राहिली होती जी!" सडवूनच तर राहिलो होतो. दोन वाट्या खाल्लं.

१४ नोव्हें.
सौंसर कॉलेजचा ढोबळे आला. माझ्यासारखाच प्राणिशास्त्राचा मास्तर, केस मात्र शाबूत. त्याच्या संत्राबागेतल्या माश्यांत म्हणे गुणसूत्राचा एक तुकडा उलटा बसलाय. जोडीतलं एक सरळ, एक उलटं असलं की दोघांत त्या तुकड्याची अदलाबदल नाही, त्यावरचे गुण एकत्रच राहतात. "विटकरी डोळे आन् आखूड पंख सुटतच नाहीत सर एकमेकांपासून!" नागपूरच्या परिषदेत वाचणार. मी 'वा' म्हणालो. इतकी वर्षं माश्या पाळतोय. माझ्यांची गुणसूत्रं मालकासारखी, सरळ आणि निरुपयोगी.

१८ नोव्हें.
सौंसरला गेलो. निमित्त: गुणसूत्रं रंगवायचं कार्मिन संपलं. कारण: पोटदुखी. त्याने बाटली दिली, वर संकर माश्याही. दिलदार माणसावर धड जळताही येत नाही. सहज विचारलं, पुढच्या संकराला माद्याच घेतल्या ना?
"नर घेतले सर. माद्या कोऱ्या पायजेत, पहाटे उठून वेचा... कोण करते बाप्पा!"
नर फळमाशीत अदलाबदल कधीच होत नाही! तुकडा उलटा असो की सुलटा. म्हणजे त्याचा पुरावा पोकळ. चहा फार गोड लागला. विचारीन, नागपुरात, भर सभेत.

१९ नोव्हें.
पहाटे, नरांनी गाठायच्या आत, कोऱ्या माद्या वेचून संकराला लावल्या, त्याच्याही, तशाच गुणांच्या माझ्याही. सौ.: "माझ्यासाठी नाही उठले कधी इतक्या पहाटे."

५ डिसें.
पांढुर्ण्याच्या बाटलीत गुण सुटले: विटकरी डोळे, लांब पंख, भरपूर. सौंसरच्या बाटलीत अशी एकही नाही. चष्मा पुसून पाहिलं. सौंसरच्या अळीची लाळग्रंथी रंगवली. गुणसूत्राला वेटोळं, जिलबीसारखं: तुकडा उलटा असल्याची खूण. गाढव बरोबर आहे! चुकीच्या रस्त्याने, पण बरोबर. आणि पुरावा फक्त माझ्याकडे.

६ डिसें.
निबंधाचं शीर्षक लिहिलं, खाली माझं नाव. शोभून दिसत होतं. दिवसभर बघत...

८ डिसें.
परवा परिषद. नवं कार्मिन आणून त्याची बाटली गळ्यापर्यंत भरली. त्याने पाऊणच दिली होती. सोबत दोन्ही बाटल्यांतल्या माश्या, वेटोळ्याची स्लाइड, चिठ्ठी: "नरात अदलाबदल होत नाही. हे माद्यांतलं." माझं नाव घेईल? कोण जाणे. भर सभेतला प्रश्न अजून तोंडपाठ आहे.
सौंसरच्या बसमध्ये कंडक्टरच्या हाती पुडकं दिलं.
"काय आहे जी यात, सर?"
"ढोबळ्यांचं आहे," म्हणालो.