उणे सहा अंशांची बदनामी

पाचूबंदरच्या आदरणीय रोझलीन मावशींना वसईतल्याच एव्हरशाईनहून स्वप्नाचा नमस्कार. आम्ही सगळे बरे. तुमच्या गुडघ्याची सूज आणि पापलेटचा भाव, दोन्ही उतरले असतील अशी आशा. (दुसरी आशा गिऱ्हाइकाची.)

मावशी, तुमच्या मासळीच्या पेटीतल्या बर्फाने माझी भर सभेत अब्रू घेतली. मी चिप बनवते, म्हणजे मोबाइलसारख्या यंत्राचा मेंदू. काम वाढलं की तो तापतो. त्याचा ताप आतूनच मोजणारा, मोहरीहून लहान मापक मी दोन वर्षं खपून रचला. तो अचूक हवा आणि चपळही. मेंदू जळाल्यावर तापाची बातमी आली तर ती बातमी नव्हे, मयताचा निरोप! (हे मी मीटिंगमध्ये टेबलावर मूठ आपटून म्हटलं. चहा सांडला.) आमचे जितेंद्रसाहेब मात्र तयार विदेशी मापक विकत घ्यायच्या मताचे. म्हणाले, “भाषण पुरे, मॅडम. बर्फात बुडवून दाखवा.”

वितळता बर्फ म्हणजे शून्य अंश, हे शाळकरी पोरही सांगेल. रविवारी तुमच्याकडून सुरमईबरोबर बर्फ मागून आणला आणि सोमवारी सर्वांसमोर चिप पिशवीत गुंडाळून त्यात सोडली. पापणी लवण्याआधी आकडा आला: उणे सहा. आणखी दोन सोडल्या, त्याही उणे सहा. “वा, वसईत हिमालय!” इति साहेब. साधा थर्मामीटर लावून बघायचं कुणालाच सुचलं नाही. बर्फावर कोण संशय घेतो?

आज मंगळवारी मीटिंगमध्ये मी उभी राहिले आणि ठणकावलं, तीन साक्षीदार एकच सांगत असतील तर त्यांना खोटं म्हणणाऱ्यानेच पुरावा द्यावा! राजीनामा देईन, पण एक आकडाही बदलणार नाही! आणि तावातावात कालच्या वितळलेल्या बर्फात बोट बुडवून ते पाणी चाखलं. खारट. (शिवाय सुरमईचं.) तेव्हा तुमचे बोल आठवले, “अगो, मीठ टाक, मग बर्फाला दात येतात, नायतर नुसता थंड पानी.” मिठाने बर्फ शून्याच्याही खाली उतरतो. माझी चिप खरं बोलत होती!

साहेबांना हे पटलेलं नाही. गुरुवारी फेरपरीक्षा. त्यात हरले तर माझा मापक कपाटात जाईल. मी हरणार नाही.

तुमची,
स्वप्ना

ता. क. गुरुवारी पाच किलो बिनमिठाचा बर्फ घेऊन तुम्ही स्वतः या आणि मिठाचं साहेबांना तुम्हीच सांगा. माझ्या बोलण्याला ते भाषण समजतात.

ता. क. २. गुरुवारी नको, शुक्रवारी या. सोमवारी संध्याकाळी, सगळे गेल्यावर, मी चिपच्या आकड्यात गुपचूप सहा अंश वाढवले होते. आता चांगल्या बर्फात ती अधिक सहा दाखवेल, आणि ते निस्तरायला एक दिवस जास्त लागेल. गुरुवारी पाचूबंदरला बर्फ मिळत नाही, असं मी साहेबांना सांगितलं आहे. विचारलं तर हो म्हणा.