सटवाच्या कुऱ्हाडीबद्दल खरे काय ते

मी गुरुलिंग बिन महालिंग, वय अडुसष्ट, धंदा लोखंडी सामानाचे दुकान, राहणार कसबे माजलगाव, जिल्हा बीड, कोणाच्याही दबावाखाली न येता, पूर्ण होशहवासात हे लिहून ठेवतो. अक्षर माझेच आहे.

कलम १. राहते घर व दुकान मुलगी शिवकन्या हिला. पुतण्या कल्याणराव याला काही नाही. माझी बायको महादेवी अंथरुणाला खिळली होती तेव्हा तो आमच्या दारावरून गाडी हाकीत गेला, उतरला नाही. ती शेवटपर्यंत त्याची वाट बघत होती.

कलम २. कानस व लहान हातोडी राधाकिशन लोहाराला. कानस धारेवरून घसरली तर पोलाद कडक, रुतली तर मऊ. हातोडीचा टोला दिला की चांगली कुऱ्हाड बराच वेळ वाजत राहते. आत चीर असेल तर आवाज जागीच बसतो. एवढे मी त्याला शिकवले. एक राहिले, ते असे : कानाला कमी ऐकू येऊ लागले की त्याच दिवशी हातोडी खाली ठेवावी. मी ठेवली नाही.

कलम ३. चाळीस वर्षे पार गेवराईकडची माणसे कुऱ्हाड किंवा सुरी घेण्याआधी मला दाखवीत. पुढे माझे कान गेले. मी ते कोणाला कळू दिले नाही. टोला द्यायचा, डोळे मिटायचे, मान हलवायची. तीन वर्षांमागे, १३२७ फसली सालात, सटवा नावाचा लाकूडतोड्या बाजारात पसंत केलेली कुऱ्हाड घेऊन आला. मी चांगली म्हटले. तो माझ्या कानाशी वाकून म्हणाला, "आण्णा, आवाज बसका वाटतो. अजून एकडाव बघा की."

कानाशी वाकला तरी चारचौघांनी ऐकले, म्हणून मला राग आला. "चाळीस वर्सं बघतोय. घिऊन जा बे."

तो घेऊन गेला. तिसऱ्या दिवशी बाभळीवर घाव घालताना पाते फुटले आणि तुकडा त्याच्या मांडीत घुसला. रक्त थांबले नाही. दिवस मावळायच्या आत तो गेला.

त्याची बायको छबुबाई ते तुकडे घेऊन दुकानात आली. फुटलेल्या जागी निम्मा भाग काळा पडलेला होता, म्हणजे चीर आधीचीच. मला एका नजरेत कळले. तरी लोकांसमोर म्हणालो, "दगडावर मारली असंल त्यानं." तेव्हापासून सटवाला कुऱ्हाड धरता येत नव्हती असे गाव म्हणते. ते खोटे आहे.

कलम ४. गावाच्या पूर्वेचे चार एकर रान छबुबाईला. त्याला कोणी दान म्हणू नये. माझ्या मृत्यूनंतर कलम तीन भरबाजारात वाचावे.

कलम ५. वरचे सर्व काल छबुबाईला बोलावून वाचून दाखवले. ती कानाशी येऊन म्हणाली, "रान घेते. पन मेल्यावर कावून? तवा तुमाला काय लागनार हाय? जित्तेपनी सांगा."

सबब कलम चारमधले शेवटचे वाक्य रद्द. येत्या बाजारी मी दुकानाच्या पायरीवर उभा राहून स्वतः सांगेन. लोक काय बोलतील ते मला ऐकू येणार नाही. शिवकन्येने ते माझ्या कानात जसेच्या तसे सांगावे, काही वगळू नये.

सही : गुरुलिंग बिन महालिंग
साक्षीदार : भगवानराव पाटील (सही), बंकट सुतार (डाव्या अंगठ्याची निशाणी)
मुक्काम माजलगाव, १५ बहमन १३३० फसली