खोलीची शांतता

४ जानेवारी
आजपासून रोजनिशी नियमित लिहायची. मागच्या वर्षीही हेच ठरलं होतं, पण तेव्हा पेन बरं नव्हतं.

संध्याकाळच्या फिल्म कोर्सच्या शेवटी प्रत्येक गटाने आठ मिनिटांची फिल्म करायची आहे. आमचा गट चौघांचा. दातवाली, म्हणजे दिवसा डेंटल कॉलेजात असते ती. चष्मा, ज्याचा कॅमेरा स्वतःचा आहे, त्यामुळे मतंही जास्त. लांब्या, जो घरोघरी पार्सलं पोचवतो आणि प्रत्येक दारातून वाकून आत येतो. आणि मी, सेहेचाळीस. तिघं मला काका म्हणतात. नावाने हाक मारा असं मी स्पष्ट सांगितलं. त्यावर तिघंही म्हणाले, बरं काका.

भयपट करायचं ठरलं. लेखन आणि दिग्दर्शन माझं. कोणी हरकत घेतली नाही. कोणी हो म्हटलं नाही, हेही प्रामाणिकपणे नोंदवतो.

६ जानेवारी
शूटिंग आमच्याच घरात. त्याचा त्रास नको म्हणून बायको तिच्या ताईकडे राहायला गेली आहे. खरं तर शूटिंगचं ठरण्याच्या आधीच ती गेली, पण मी कोर्सला जात होतोच, तिला अंदाज आला असणार. शिलाई मशीनही नेलं. ताईकडे उजेड चांगला आहे.

जाताना म्हणाली, सकाळपासून मी बॅग भरतेय, तू दोनदा बॅगेला वळसा घालून गेलास, पण कुठे चाललीस म्हणून विचारलं नाहीस. मी म्हटलं, तू सांगशीलच असं वाटलं. ती म्हणाली, हो, बरोबर आहे.

भांडण झालं नाही. आमचं कधीच होत नाही.

९ जानेवारी
स्क्रिप्ट पूर्ण. एक्केचाळीस पानं. भूत तेहेतिसाव्या पानावर येतं.

दातवाली म्हणाली, काका, आठ मिनिटांत हे सगळं बसवायचं तर भुताला पळत यावं लागेल. भीती हळूहळू चढली पाहिजे, हे मी समजावून सांगितलं. लांब्या म्हणाला, चढेल हो काका, पण तोवर प्रेक्षक जेवायला गेलेला असेल. विनोद चांगला होता. हसलो. फक्त मी हसलो तोवर ते पुढच्या विषयावर गेले होते.

१२ जानेवारी
सरांनी वर्गात विचारलं, तुम्हाला स्वतःला कशाची भीती वाटते? भयपट करणाऱ्याला हे माहीत हवं म्हणे. दातवालीला अडकलेल्या लिफ्टची. चष्म्याला पालीची. लांब्याला ज्या दारामागे कुत्रं भुंकत नाही, नुसतं उभं असतं, त्या दाराची. माझी पाळी आली तेव्हा मी खरोखर शोधलं. सापडलं नाही. तसं काही नाही, म्हणालो. सर म्हणाले, आठवा, घाई नाही. तेवढ्यात तास संपला.

दिग्दर्शकाने शांतच असावं. हा गुणच मानायला हवा. पण खरंच गुण आहे का? यावर उद्या सविस्तर लिहायचं.

१३ जानेवारी
जमलं नाही.

१८ जानेवारी
शूटिंगचा पहिला दिवस. रात्री शेजाऱ्यांची कटकट नको म्हणून दिवसा शूटिंग, खिडक्यांना काळा कागद चिकटवून. भर दुपारी घरात मिट्ट काळोख. कल्पना माझी.

दातवालीने एक्केचाळीसपैकी चार पानं ठेवली. दिग्दर्शनही आता तीच करते, कारण माझं 'अ‍ॅक्शन' कोणाला ऐकू जात नव्हतं. मी साउंडवर. विचार केला तर ही बढतीच आहे. भयपटात निम्मं काम आवाजच करतो.

प्रत्येक खोलीतलं शूटिंग संपलं की सगळ्यांनी असेल तिथे गप्प उभं राहायचं आणि अर्धं मिनिट नुसता रिकाम्या खोलीचा आवाज रेकॉर्ड करायचा, असं सरांनी शिकवलं आहे. एडिटिंगमध्ये वाक्यांच्या मधल्या फटी त्याने बुजवतात. मी याला खोलीची शांतता म्हणतो. बाकीच्यांना ती जमत नाही. लांब्याचं पोट गुरगुरतं, चष्म्याला खोकला येतो, दातवालीला हसू फुटतं. मला काहीही होत नाही. चष्मा म्हणाला, काका, तुम्ही श्वास घेताना तरी सांगत जा.

मधल्या खोलीतली शांतता अप्रतिम मिळाली. हेडफोन काढून ठेवल्यावरही मी थोडा वेळ तिथेच उभा होतो. बाकीचे स्वयंपाकघरात जेवायला बसले होते, ते नंतर कळलं.

१९ जानेवारी
लांब्या भूत झाला. अंगात बायकोचा जुना गाऊन, तोंडाला पावडर. दारातून सावकाश आत यायचं होतं. आला, चौकटीवर कपाळ आपटलं, आई गं म्हणाला. पुन्हा घेतलं. पुन्हा आपटलं. आवाजामुळे खालच्या मजल्यावरच्या काकू तक्रार करायला आल्या. दार भुताने उघडलं. काकूंनी त्याला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि विचारलं, अरे, माझं कालचं पार्सल कुठाय? भूत म्हणालं, उद्या नक्की आणतो.

काकू घाबरल्या नाहीत. हे चिंताजनक आहे. संगीताने भागेल.

२५ जानेवारी
बायकोचा फोन. काय चाललंय विचारलं. मी खोलीच्या शांततेबद्दल बरंच सांगितलं. तिने विचारलं, मी नसताना घरात कसं वाटतं तुला? प्रश्न महत्त्वाचा आहे हे कळलं, म्हणून विचार करून उत्तर दिलं. म्हटलं, रेकॉर्डिंगला बरं पडतं.

ती 'बरं' म्हणाली. मग म्हणाली, फिल्म दाखवणार आहात त्या दिवशी येईन. तेव्हाच ठरवू, मी परत यायचं की इथेच राहायचं.

येते आहे. शुभलक्षण.

२८ जानेवारी
त्या दिवशी तिला काय म्हणायचं ते आधीच ठरवून ठेवायचं. 'परत ये.' हुकूम सोडल्यासारखं वाटतं. 'परत येशील का?' तिच्यावर दडपण येईल. 'तुझ्याशिवाय करमत नाही.' हे खरं आहे का, ते तपासायला हवं. प्रामाणिकपणे तपासलं. काही हाती लागलं नाही. 'घर रिकामं वाटतं.' हे चालेल. मोठ्याने म्हणून पाहिलं. आवाज ठीक आला. रोज म्हणायचं.

२ फेब्रुवारी
चष्म्याच्या घरी एडिटिंग. खोली लहान म्हणून मला बोलावलं नव्हतं, तरी गेलो. सरांनी कच्ची फिल्म पाहून सांगितलंय, भीती कुठेच नाही, भूत आलं की धीर येतो. मी संगीताचं सुचवलं. चष्मा म्हणाला, काका, त्या दिवशी मधल्या खोलीत कॅमेरा चुकून चालूच राहिला होता, त्यात एक गोष्ट सापडलीय. दातवालीने त्याच्याकडे पाहिलं. मग मला म्हणाली, तुमचा एक शॉट वापरला तर चालेल ना? आधी बघा आणि सांगा. म्हटलं, बघायचं कशाला, माझा तुमच्यावर विश्वास आहे. विश्वास आहेच. शिवाय बसलेल्या जागेवरून उठावंसं वाटेना.

माझं दिग्दर्शन अखेर वापरलं जातंय.

७ फेब्रुवारी
काळा कागद अजून काढलेला नाही. एखादा शॉट पुन्हा घ्यावा लागला तर? दिवस कधी मावळतो ते कळत नाही, एवढंच. 'घर रिकामं वाटतं' म्हणायचं चार दिवस राहून गेलं. पाठ आहे.

११ फेब्रुवारी
फिल्म दाखवली. वर्गातच, घडीच्या खुर्च्यांवर. बायको आणि ताई शेवटच्या रांगेत.

लांब्या आला आणि लोक हसले. व्हायचं तेच झालं. मग पडद्यावर मधली खोली आली. तिघं जण कॅमेऱ्यासमोरून निघून जातात. मागे भिंतीजवळ एक माणूस उरतो. हात खाली सोडलेले. शिलाई मशीन जिथे असायचं त्या टेबलाकडे बघतोय. हलत नाही. काही होतच नाही. वर्ग चिडीचूप झाला. पुढची एक मुलगी म्हणाली, बंद करा ना ते. मीही खुर्चीत मागे सरकलो. नट कमालीचा आहे, नाव विचारून घ्यायचं, अशी मनात नोंद केली.

मग स्वेटर ओळखला.

टाळ्या खूप. नावांमध्ये आलं, भूत: लांब्या. दुसरं भूत: काका. सरांनी दातवालीला विचारलं, हे त्यांच्याकडून कसं करून घेतलंत? ती म्हणाली, सर, करून नाही घेतलं.

बायको बाहेर जिन्यापाशी थांबली होती. मी विचारलं, तुला भीती नाही वाटली? म्हणाली, मला सवय आहे. मी हे रोज बघत होते. ताई खालून हाक मारत होती, अगं येतेस ना? ही जिना उतरली नाही. मला म्हणाली, काही सांगायचंय तुला? सांग ना. मी थांबलेय.

वाक्य तोंडात होतं. मी विचारलं, साउंड कसा वाटला?

म्हणाली, छान होता. मग म्हणाली, मशीनचं टेबल राहिलंय, रविवारी माणूस पाठवते, घरी असशील ना? म्हटलं, असेन.

१२ फेब्रुवारी
सरांच्या त्या भीतीच्या प्रश्नाचं उत्तर आज सुचलं. कळवायला हवं होतं. कोर्स संपला.

कागद काढायचं नक्की केलं. मधल्या खोलीपासून सुरुवात. एक कोपरा सोडवला. उन्हाची पट्टी टेबलावर पडली. धूळ बरीच आहे. म्हटलं, 'घर रिकामं वाटतं.' आवाज चांगला आला. मग खोलीची शांतता कशी वाटते ते ऐकायला उभा राहिलो. अर्धंच मिनिट. पण झालं म्हणायला कोणी नव्हतं, त्यामुळे किती वेळ गेला ते सांगता येत नाही. ऊन टेबलावरून गेलं होतं.

बाकीचा कागद उद्या.