दांडी तिथेच आहे

अक्का, मी बुटकी होत चालले आहे. हसा, पोटभर हसून घ्या. जिला तुम्ही भर मांडवात शिडी म्हणालात तीच ही तुमची सून. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमचा आवाज आठवायला मला आता डोळे मिटून बसावं लागतं, पण हे ऐकून तुम्ही जे हसाल ते मात्र डोळे उघडे ठेवूनही ऐकू येतं. मला लिहिता येत नाही हे तुम्हाला ठाऊक आहे. तुम्हालाही कुठे येत होतं, तेव्हा त्या बाबतीत तरी आपण दोघी पहिल्यापासून एका उंचीच्या. मी बोलते आहे आणि माझी नातसून लिहून घेते आहे. नागपूरची आहे, कंप्युटरच्या कंपनीत जाते, अक्षर बरं आहे म्हणे. आणि उंच आहे. हे मुद्दाम सांगते, कारण सगळं दुखणं तिथेच आहे. 'हेही लिहू, आजी?' विचारते. लिही म्हटलं, सासूपासून जितेपणी लपवायचं असतं, मेल्यावर काय लपवायचं.

गुडघा दाखवायला मला जयनगरच्या दवाखान्यात नेलं होतं. तिथल्या कानडी नर्सनं आधी वजनकाट्यावर चढवलं, मग भिंतीला पाठ लावून उभं केलं. 'अज्जी, नेट्टगे निल्ली,' म्हणते, सरळ उभ्या राहा. मी म्हटलं, बाई, माझं सरळ आता एवढंच उरलंय, ह्यातच काय ते भागव. तिनं जुन्या कागदाशी ताडून पाहिलं आणि डॉक्टरांना सांगितलं की अज्जी चांगल्या चार बोटं कमी भरतात. चार बोटं! घरात चमचा हरवला तर आपण मोलकरणीपासून मांजरापर्यंत सगळ्यांवर संशय घेतो, आणि माझी चार बोटं गेली तर डॉक्टर हसतात. वय झालं की पाठीचे मणके दबतात म्हणे. मला तर शंका येतच होती. नेसताना निऱ्या झाल्या तरी पायाशी लुगडं उरायचं, मला वाटायचं हल्ली साड्याच लांब यायला लागल्या. चिकपेटच्या दुकानदाराशी मी त्यावरून भांडूनही आले. ओटा वाढतो आहे असं वाटायचं. न्हाणीघरातल्या आरशात पूर्वी गळ्यातलं मंगळसूत्रसुद्धा दिसायचं, आता कपाळ दिसतं आणि भांग, म्हणजे जे पाहू नये तेवढंच. देवळातल्या घंटेला मी टाच न उचलता हात लावत होते. परवा दोनदा हात उंचावला, मग इकडेतिकडे पाहून टाळी वाजवली. देवाला कळलं असावं.

आणि हे सगळं तुम्हाला भोगावं लागलं नाही, याचा मला हेवा वाटतो. तुम्ही जन्मापासून ठेंगण्या. माझ्या खांद्याला लागत होतात, तशाच गेलात. तुमचं काय गेलं? ज्याच्या घरी असतं त्याच्याच घरी चोरी होते. माझं सगळं नाव त्या उंचीवर होतं हो. शिकलेली नाही, रंगानं सावळी, पण उंच. लग्नात भटजी अंतरपाट धरून उभे, तर त्यावरून माझे डोळे बाहेर. पलीकडे तुमचा मुलगा खाली मान घालून उभा होता, त्याचा टोप तेवढा दिसत होता. भटजी कापड वर घेत गेले तशी मी वाकत गेले, आणि मागून तुमचा आवाज आला, 'आम्ही सून मागितली होती, यांनी शिडी पाठवली.' मांडव हसला. मीही हसले, कारण मला ते आवडलं होतं. घरात वरचं काहीही काढायचं झालं की माझ्या नावानं हाक येणार, हे मला तेव्हाच कळलं होतं.

पण दांडीचं मला कळलं नव्हतं. ती आपल्या स्वयंपाकघरातली, छताला दोन दोरांनी टांगलेली सोवळ्याची दांडी. न्हाऊन धुतलेलं लुगडं तिच्यावर उंच वाळत घालायचं, कुणाचा हात लागायला नको. काठीनं चढवायचं आणि दुसऱ्या दिवशी काठीनंच उतरवायचं. पहिल्या सकाळी मी न्हाऊन आले आणि लुगडं हातानंच वर टाकलं. तुम्ही काठी घेऊन उभ्या होतात. ती पितळी टोपणाची, तुमच्या हातात घासून गुळगुळीत झालेली काठी. दोन दिवसांनी मी लुगडं वर टाकते तर ते माझ्याच तोंडावर येऊन पडलं. मी म्हटलं, 'अक्का, दांडी वर गेली का?' तुम्ही डाळ निवडत होतात, मानही वर केली नाहीत. 'दांडी तिथेच आहे. तूच खाली आलीस. सासरी आल्यावर बायका खालीच येतात.' मी वर पाहिलं. दोरांच्या गाठी नव्या होत्या. मग रोज सकाळी ओलं लुगडं पोटाशी धरून तुमच्या पाटाजवळ यायचं आणि म्हणायचं, 'अक्का, काठी देता?' आणि तुम्ही म्हणणार, 'थांब, देते,' आणि हातातली सगळी डाळ निवडून झाल्यावर देणार. लुगड्याचं पाणी माझ्या पायावर ठिबकत असायचं. किती शिव्या घातल्या असतील मनात! ही बाई माझ्या उंचीवर जळते, असं मी तुमच्या मुलाला सांगितलं. तो म्हणाला, 'मीही जळतो, पण मी काय करू शकतो?'

एकदाच उलटं झालं. मला सातवा महिना होता. तुम्ही म्हणालात, आता हात वर करायचा नाही, पोराला नाळेचा वेढा बसतो. आणि तीन महिने माझं लुगडं तुम्ही चढवलंत, पाटावर पाट ठेवून, त्यावर उभ्या राहून, काठी दोन्ही हातांनी धरून. मी खाली बसून पाहते आहे. लुगडं एकदा घसरतं, दोनदा घसरतं, तिसऱ्यांदा बसतं, आणि तुम्ही माझ्याकडे वळून अशा बघता की जणू गड जिंकला. इतकं खूश मी तुम्हाला नातू झाल्यावरही पाहिलं नाही.

आता ही नागपूरची. लग्न होऊन आली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी ओट्यापुढे उभी राहून वरच्या फळीवरच्या चटणीपुडीच्या डब्याकडे पाहत होते. टाचा उचलू की स्टूल आणू, असा विचार चालला होता. माझ्या डोक्यावरून एक हात आला, बांगड्या वाजल्या, आणि डबा माझ्यापुढे. 'घ्या आजी.' माझा मुलगा तिथेच कॉफी पीत होता. म्हणाला, 'बरं झालं, आता घरात शिडी नको.' माझा शब्द, अक्का! माझा इतक्या वर्षांचा शब्द, पोटच्या पोरानं तिला देऊन टाकला. त्या दिवसापासून हाका तिच्या नावानं. पंख्याची जाळी पुसायची, माळ्यावरचा सोऱ्या काढायचा, गणपतीच्या मखराला तोरण बांधायचं, सगळीकडे ती. शेजारीण म्हणते, 'तुमची नातसून सिनेमातल्यासारखी दिसते.' मी म्हटलं, हो, पडद्यावर सगळेच मोठे दिसतात. ती चालते कशी, ते मी पाहत बसते. दाराच्या चौकटीखाली किंचित वाकते. मीही तशीच वाकायचे. आता चौकट आणि मी यांच्यात आणखी एक बाई मावेल. जळते मी तिच्यावर. लिही गं, तस्संच लिही. लिहिते आहे, आणि गालात हसते आहे.

मागच्या महिन्यात मी दुपारची देवळातून आले आणि चहा करायला ओट्याशी गेले. सवयीनं टाचा उचलल्या, हात वर केला, आणि माझी बोटं थेट डब्याच्या झाकणावर पडली. अक्का, क्षणभर मला खरंच वाटलं की मी वाढले! मी टाचा खाली टेकवल्या, तरी हात पोचतो. साखर, चहापूड, मेतकूट, सगळं हाताशी. मग भिंतीकडे लक्ष गेलं. जुन्या खिळ्यांची भोकं वर तशीच होती. फळी खाली आणली होती. हिनं सुतार बोलावला होता, मी घरात नसताना. संध्याकाळी ती ऑफिसातून आल्यावर मी विचारलं, तर आधी इकडचं तिकडचं बोलली, मग हळूच म्हणाली, 'आम्ही गेल्यावर तुम्हाला कोणाला हाका माराव्या लागू नये ना, आजी.' गेल्यावर म्हणजे? तर एचएसआर लेआउटला त्यांनी घर बघितलंय. ऑफिस जवळ पडतं. रोजचे दोन-दोन तास रस्त्यात जातात, ते वाचतील. सगळ्यांना माहीत होतं. मलाच सांगायचं राहिलं होतं, आणि ते फळीनं सांगितलं.

बघा कशी आहे ती. तुम्ही दांडी वर नेलीत तेव्हा मला तुमच्यावर मनसोक्त चिडता तरी आलं. हिनं फळी खाली आणली, आता चिडायचं कुणावर? उंच माणसानं निदान वाईट तरी असावं. उंचही असायचं आणि वर चांगलंही, म्हणजे आमच्यासारख्यांनी करायचं काय? दोन दिवस मी हाताशी आलेला चहा केला आणि एकटीनं प्यायले. कुणाला हाक मारायची गरज पडली नाही. घर असं शांत की फ्रीजचा आवाज ऐकू येत होता.

तिसऱ्या दिवशी खालून सुतार जाताना दिसला. मी बाल्कनीतून हाक मारली, 'अण्णा, इल्ली बा,' इकडे ये. वर आल्यावर त्याला फळी दाखवली आणि म्हटलं, स्वल्प मेले हाकु, होती तिथे परत वर चढव. तो माझ्याकडे बघतो, फळीकडे बघतो. 'अज्जी, निमगे एटकल्ला,' म्हणाला, तुमचा हात पोचायचा नाही. मी म्हटलं, 'अदक्के.' म्हणजे, त्यासाठीच. तो बिचारा मान हलवत कामाला लागला. जुन्या भोकांपेक्षा मी अजून एक वीतभर वर चढवून घेतली. करायचंच तर पुरतं करावं, हे तुमच्याकडूनच शिकले. त्यानं स्क्रू पिळले तेव्हा कुठे मला तुमच्या त्या दोरांच्या नव्या गाठी आठवल्या, आणि मी हातातला डबा घेऊन खाली बसले. इतकी वर्षं मी लोकांना सांगत आले की सासू माझ्यावर जळत होती. काठी तर तुमच्याच जवळ असायची. रोज सकाळी मला तुमच्यापाशी यावं लागायचं. आणि तुम्ही म्हणायचात, थांब, देते.

शनिवारी ही उशिरा उठून चहाला गेली आणि ओट्यापुढे थबकली. 'काहून हो आजी, फळी वर कशी गेली?' मी कोथिंबीर निवडत होते. मान वर केली नाही. 'फळी तिथेच आहे. मीच खाली आले. डॉक्टर सांगत नव्हते का?' तिनं हात वर केला, आणि अक्का, काय सांगू, तिलासुद्धा टाचा उचलाव्या लागल्या! मला इतका आनंद झाला की कोथिंबिरीची चांगली पानं मी कचऱ्यात टाकली. डबा काढून तिनं माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाली, 'मग मला दर रविवारी यावं लागेल, आठवड्याचे डबे काढून द्यायला.' मी म्हटलं, 'तुझी मर्जी. मला काही गरज नाही.' 'बाप्पा, तुम्हाला कशाला गरज पडते,' म्हणाली, आणि आलं किसायला घेतलं.

पुढच्या आठवड्यात सामान जायचं आहे. खोके दारात येऊन पडलेत, त्यावर बसूनच ती हे लिहिते आहे. सुताराचं सांगताना मी तिच्याकडे पाहिलं नाही, तिनंही वर पाहिलं नाही, फक्त हात जरा थांबला होता. आता विचारते, 'आजी, पत्ता काय घालू?' तुमच्याकडे कुठला पोस्टमन जातो? घडी कर म्हटलं आणि ठेव त्या वरच्या फळीवर, मेतकुटाच्या डब्यामागे. तिथे माझा हात पोचत नाही आणि तुमचा तर पाटावर पाट ठेवूनही पोचायचा नाही. पुन्हा वाचून घ्यावंसं वाटलं तर तिलाच बोलवावं लागेल. आता एवढं एकच राहिलं, तेही लिही. तुमची ती पितळी टोपणाची काठी मी टाकलेली नाही. माझ्या खोलीच्या दारामागे आहे. त्या काठीनं फळीवरचं काय हवं ते मला एकटीला खाली ओढता येतं, आणि ते मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.