वरवंट्याला विमानात नेले त्याची हकीकत

लंडन, १२ जून १९७९

तीर्थस्वरूप मनकर्णाअक्कास,

धाकट्या कोकिळेचा साष्टांग नमस्कार. मी पोचले. तुझा गुडघा कसा आहे, बांधलेला पाला रोज बदलतेस की नाही, वडनेरला पेरणीपुरता पाऊस झाला का, हे सारे सविस्तर कळव. माझी पुष्पा बरी आहे. तिची पोर सातव्या महिन्यातच झालेली, बरेच दिवस दवाखान्यात काचेच्या पेटीत होती. आता घरी आली आहे, पण मांजरीच्या पिल्लाएवढी.

आता रागाचे लिहिते. मी पुन्हा विमानात पाय ठेवणार नाही, आणि आपल्या घरातल्या कोणाला ठेवू देणार नाही.

बारसे माझ्यासाठी थांबले होते, हे तुला ठाऊक आहे. पाळण्यात बाळाच्या आधी वरवंटा जायला हवा. काही संकट यायचे असेल तर त्याच्यावर येऊ दे, तो सोसेल. आणि इतक्या अशक्त पोरीसाठी आपल्या आईचाच वरवंटा हवा, ज्याच्या मागून तू, मी आणि पुष्पा पाळण्यात गेलो. ट्रंकेत घातला असता तर कुरड्यांचा चुरा झाला असता. म्हणून घरूनच त्याला कुंची घातली, दुपट्यात गुंडाळले आणि मांडीवर घेतले. (कुंची घातल्यावर त्याला दगड म्हणायचे नाही, हे शेगावच्या स्टेशनावर तूच बजावलेस. तेव्हा पुढचे सगळे तुझ्यामुळे.) मुंबईला तपासणाऱ्या बाईने माझ्या अंबाड्यातले आकडे उपसले, लोणच्याच्या बरणीत सळई घातली, जणू मी देऊळघाटची कोकिळा नव्हे, कोणी दरोडेखोर. मग दुपट्याकडे बघून हळूच म्हणाली, "झोपलंय का?" मी हो म्हणाले. दुसरे काय म्हणणार?

वाटेत वाळवंटातल्या एका विमानतळावर विमान बिघडले. सकाळपासून दिवेलागणीपर्यंत आम्हाला प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसवून ठेवले. पाय सुजून चपलेत जाईनात, पाणी मागावे तर गोड सोडा. मात्र बाळ आहे म्हणून एका गोऱ्या बाईने दुधाची बाटली आणून दिली. (ती समोरून हलेना, म्हणून मी बाटली दुपट्याला लावलीही.) शेजारची पंजाबी बाई सारखी म्हणे, किती गुणी लेकरू, दिवसभर रडले नाही.

संध्याकाळी पुन्हा तपासणी, जणू खुर्चीत बसल्या बसल्या मी बंदूक घडवली होती. शिपायाने मोठ्या मायेने बाळाला घ्यायला हात पुढे केले, आणि दोन्ही हात खाली गेले. मग शिट्ट्या, धावपळ. एका दाढीवाल्या साहेबाने कुंची सोडली.

"अम्मा, ये तो पत्थर है."

"वरवंटा हाय बापा. माह्या नातीले नाव ठेवाचं हाय."

"इससे किसी का सर फूट सकता है."

"आतापर्यंत कोनाचं नाही फुटलं. तुमचंच काऊन फुटन?"

तो हसला नाही. जप्त केलेल्या सुऱ्या-कात्र्यांच्या टोपलीत वरवंटा टाकायला निघाला, तशी मी त्या टोपलीवरच बसले, अक्का. आता विमान माझ्यासाठी खोळंबले. शेवटी वैमानिक आला आणि ठरले, की वरवंटा त्याच्या खोलीतून जाईल. म्हणजे वरवंटा पुढे वैमानिकाशेजारी, आणि आजी मागे संडासाशेजारी.

उतरताना विमानातल्या मुलीने तो ताटात आणून दिला. मी भांडायच्या तयारीत होते. पण कुंचीचे बंद कोणीतरी पुन्हा बांधले होते, लेकराच्या हनुवटीखाली बांधतात तसे, सैल.

बारसे झाले. आधी तो, मागून ती. नाव आपल्या आईचे ठेवले, रुख्मिणी. पाळण्यात ठेवताच अशी रडली की शेजारचे गोरे दारात आले. पुष्पा म्हणाली, एवढा आवाज तिने पहिल्यांदा काढला.

तुझी,
कोकिळा

ता. क. जावई भगवंतराव म्हणतात, इथे मशिनीत चटणी होते. ती खाऊन पुष्पाने तोंड वाकडे केले. वरवंटा इथेच राहू दे म्हणते. पण नुसता वरवंटा कशावर फिरवणार? पाटा तुझ्याकडे आहे.

आणखी ता. क. पाटा कोणाबरोबर पाठवू नकोस, स्वतः घेऊन ये. पुष्पा दिवसा झोपते, भगवंतराव कामावर जातात, मी कोणाशी बोलू? विमानाचे वर लिहिले आहे ते भावजींना वाचून दाखवू नकोस. आणि पाट्याला कुंची घालू नकोस. बसणार नाही.