वाढल्या ताटावरून

आये,

निवडणूक हरल्यावर लेटरहेडचे दोन गठ्ठे घरात पडून राहिले. त्यातल्याच एका कागदाच्या पाठीवर हे लिहितोय. तुला वाचता येत नव्हतं, आणि तू जाऊनही पंधरा वर्षं झाली, तेव्हा अक्षराची काळजी नाही.

मी पहिल्यांदा सरपंच झालो त्या वर्षी वरच्या आळीत हळद होती. भाकऱ्या भाजायला तू सकाळपासून तिथे. मी आलो, नवऱ्या मुलाला हळद लावली, पंगतीत बसलो. तूच मटण वाढलंस आणि तेवढ्यात फोन आला, दुसऱ्या गावात लोक खोळंबलेत. मी उठलो. पिठाचे हात तसेच घेऊन तू गाडीपर्यंत आलीस. "वाढल्या ताटावरनं उठतोस? त्यांना वाटंल, आमच्या घरचं याला चालत नाय. हळदीला येतोस का मतं मागाय?" कार्यकर्त्यांसमोर बोललीस म्हणून मी आठ दिवस तुझ्याशी धड बोललो नाही. मूर्ख होतो.

आणि सवय काही सुटली नाही. पुढे पंचायत समितीचा सभापती झालो, गाव महापालिकेत गेलं तसा नगरसेवक. एका संध्याकाळी सात सात हळदी. शाल, नारळ, फोटो, की निघालो पुढच्या मांडवात. साहेब कुठेच जेवत नाहीत हे सगळ्यांना पाठ झालं. मला त्याचा अभिमान वाटायचा, केवढा कामाचा माणूस म्हणून!

परवा माझ्या मित्राच्या मुलीची हळद होती. ज्याच्या आईबरोबर तू मिठागरात टोपल्या वाहिल्यास, तोच हा. गाडी विकलीय, चालतच गेलो. बायको मुलीकडे उलव्याला, घरी चूल थंड. ठरवूनच गेलो होतो, आज बसायचं आणि पोटभर जेवायचं. पोरीला हळद लावली. पंगत बसत होती. मी चपला काढायला वाकलो तर मित्रानं हात धरला. "साहेब, तुमी जेवत नाय, ठावं हाय आमाला. उगाच उशीर नको तुमाला." मग पोरांवर ओरडला, "ए, बाजूला व्हा, साहेबांना जाऊ द्या!" माणसं आदरानं दोन्हीकडे सरली आणि थेट रस्त्यापर्यंत वाट मोकळी झाली. रस्त्यावर गाडी नव्हती, ते कुणी पाहिलं नाही. लहानपणी हाच मला अरे-तुरे करायचा.

हात जोडत निघालो. बाहेर जनरेटरच्या आडोशाला थोडा वेळ उभा राहिलो, कुणी हाक मारील म्हणून. मग घरी येऊन चहात बुडवून चार टोस्ट खाल्ले. फार एकटं वाटलं गं.

हा कागद घडी करून तुझ्या फोटोमागे ठेवतो, आणखी कुठे पाठवणार? इतकी वर्षं माईक धरून बोललो, आये. पण "भूक लागलीय रे, वाढ मला" एवढं मित्राला सांगणं मला जमलं नाही.