दालचिनीच्या वासाची गाडी

प्रिय इमेल्डा,

सिस्टर अपोलिनच्या वसतिगृहात जानेवारीत दोरीवरच्या चादरी गोठून दारासारख्या ताठ व्हायच्या आणि आपण दोघी त्या काखेत धरून आत आणायचो, आठवतं? एकदा मी घाईने एक वाकवायला गेले आणि ती मधोमध फाटली. सिस्टरने विचारल्यावर तू माझ्याकडे बघितलंसुद्धा नाहीस. "माझ्या हातून झालं," म्हणालीस.

गुडघा आता किती वाकतो? तुझ्या ड्वेनने तुझ्यासाठी बघून ठेवलेल्या वृद्धनिवासाचं माहितीपत्रक वाचलं. साडेचारला रात्रीचं जेवण! एवढ्या लवकर आमच्या कोंबड्यासुद्धा खुराड्यात जात नाहीत. आईशी "दोन म्हाताऱ्या आणि एक मोटरहोम? डोकं ठिकाणावर आहे ना?" असं बोलणाऱ्या मुलाला मी काय म्हणावं? एक तारखेच्या आत सही केली नाही तर खोली जाईल, ही त्याची घाई. आणि फोनवर तू ते ओझं माझ्यावर टाकून मोकळी झालीस: "बर्नीस, गाडी तुझ्या नाकाला पटली तर हिवाळ्यात ॲरिझोनाला जाऊ. नाही पटली तर मी सही करते."

म्हणून गुरुवारी कॅल्गरीला गेले. भाड्याने फिरवलेल्या असल्या राहायच्या-झोपायच्या गाड्या चार उन्हाळ्यांनंतर तिथे विकायला काढतात. ट्रेंट नावाच्या विक्रेत्याने मला थेट एका चकचकीत गाडीपाशी नेलं. "मॅडम, ही आमची राणी!" दार उघडलं तर दालचिनीचा घमघमाट. तीस वर्षं मी मोटेलच्या खोल्या साफ केल्यात. खोलीला असा वास आला की मी आधी गालिचा उचलायची. इथे संडासाजवळची नवी कोरी चटई उचलली, तर खालची फळी पायाच्या अंगठ्याखाली भिजल्या पावासारखी दबली. "चार उन्हाळे लोक आंघोळ करतायत, थोडी ओल असायचीच हो," ट्रेंट म्हणाला. मी म्हटलं, "आणि तुम्ही चार उन्हाळे चटया टाकताय." तर तो हसला! लाज वाटण्याऐवजी हसला.

मी निघाले. फाटकापाशी पोचते तोवर मागून तो कुणाला तरी सांगताना ऐकू आला, "म्हाताऱ्यांना गाडी घ्यायची नसते रे, दुपार घालवायची असते." इमेल्डा, त्याचा राग आला नाही. स्वतःचीच किळस आली. कारण मी नाही म्हणायलाच गेले होते. माझा रोलँड वारल्यापासून नऊ वर्षांत मी परक्या अंथरुणावर एक रात्र काढलेली नाही. दोष गाडीत निघाला असता, सही तू केली असतीस, आणि मी घरी माझ्या स्वच्छ पलंगावर हळहळत बसले असते.

तशीच मागे फिरले. कोपऱ्यात एक गाडी होती, अजून न धुतलेली. "ती नको आजी, ओकारी येईल," ट्रेंट म्हणाला. आलीच. शेगडीवर बोटभर पिवळी चरबी, मोरीच्या जाळीत कुणाकुणाचे केस, ओव्हनमध्ये, खरं सांगते, बाळाचा वापरलेला लंगोट. गादीवर डागांचे थरच्या थर. संडासाची टाकी ऑगस्टपासून कुणी रिकामी केलेली नव्हती. मी मागच्या चाकापाशी ओकले, तोंड पुसलं आणि बादली मागितली. "विकत घ्यायच्या आधी कोण धुतं?" "ज्याला खालचं बघायचं असतं तो," मी म्हटलं. अडीच तास घासलं. मग संडासापाशी दोन्ही पायांनी उडी मारली. फळी दगडासारखी घट्ट. छताचे कोपरे कोरडे. जी नुसती घाण होती ती निघाली. कुजलेलं कुठेच काही नव्हतं. दुसऱ्या दिवशी मेकॅनिकला दाखवली. नवे टायर लागतील, म्हणाला, बाकी ठणठणीत. तरी तो लंगोट आठवला की अजून घास खाली उतरत नाही.

तेव्हा आता हे पत्र कशासाठी ते ऐक. ती गाडी मी दोघींच्या नावावर घेतली आहे. शनिवारी तुला न्यायला येते. त्याआधी ड्वेनला तू स्वतःच्या तोंडाने नाही म्हण. या वेळी "बर्नीसच्या हातून झालं," असं माझ्यावर ढकललंस तरी चालेल. दोन गाद्या नव्या घेतल्या, तेव्हा तुझा पलंग चर्चला दे. माझ्या कोंबड्या आणि फ्रीजरमधलं हरणाचं मांस शेजारच्या हालिनाला. रोलँडची हत्यारं ड्वेनला, पेटीसकट. तुझा पियानो त्याच्या धाकटीला. ती वाजवते, मोठी नुसती बसते. आणि तुझ्या निळ्या काठाच्या बशा सुनेला आत्ताच देऊन टाक. त्यासाठी तू मरायची वाट बघायला लावू नकोस बिचारीला.

ब्लीचने हात सोललेली, तरीही तुझीच,
बर्नीस